‘कुणाकडं बसवलंय?’ : शिरोलीतल्या एका फाउंड्रीची यशोगाथा दोनदा लिहिली त्याची हकीकत

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात आम्ही दोघं बसलो होतो. एक मी, आणि दुसरे कोल्हापुरातल्या ‘शिवाजी उद्यमनगर’ या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका छोट्या कंपनीचे मालक. ही कंपनी साच्यांची वाळू कालवणाऱ्या सँड मिक्सरवर बसवायचं एक यंत्र बनवते. मिक्सरमधल्या वाळूत ओल किती आहे ते यंत्र मोजतं आणि तेवढ्याच हिशेबानं पाणी सोडतं. कंपनीचं माहितीपत्रक मी लिहिलं होतं. चार पानी, रंगीत, तिसऱ्या पानावर ‘आमच्या ग्राहकाची यशोगाथा’.

फाउंड्रीच्या मालकांनी ते पत्रक शेवटपर्यंत वाचलं. तिसरं पानही वाचलं, मी समोरच बसलो होतो. मग पत्रक बाजूला सारून म्हणाले, “हे सगळं ठीक आहे हो. पण कुणाकडं बसवलंय ते सांगा की. त्याच्याशी बोलतो, मग बघू.”

यशोगाथा वाचून झाल्यावर माणूस विचारतोय, कुणाकडं बसवलंय! त्या क्षणी मला कळलं की आपण लिहिलेलं त्यांच्या लेखी घडलेलंच नाही. पुढचे सहा-सात महिने आम्ही ती एकच गोष्ट नव्यानं उभी करण्यात घालवले. त्याची ही हकीकत. यंत्राच्या कंपनीचे आणि जिची गोष्ट आहे त्या फाउंड्रीचे, अशा दोन्ही मालकांच्या परवानगीनं लिहितोय. नावं मुद्दाम देत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

आधी यंत्राची गरज का पडते ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. कोल्हापुरातल्या बऱ्याच फाउंड्र्या ग्रीन सँडवर, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्यांवर, चालतात. सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी. बेंटोनाइट कच्छहून येतं, वाळू तीच पुन्हा पुन्हा फिरवली जाते. या मिश्रणात पाणी साधारण तीन ते चार टक्के लागतं. ते जास्त झालं की तापलेला लोखंडाचा रस साच्यात पडताच वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून घडवलेल्या भागात, ब्लो होल म्हणजे पोकळ भोकं राहतात. कमी झालं तर साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळू रसात मिसळते. म्हणजे सगळा खेळ अर्ध्या-एक टक्क्यात.

पावसाळ्यात हा खेळ बिघडतो. शेडच्या कडेला पडलेली नवी वाळू भिजलेली असते, मिक्सरवरचा माणूस मात्र सवयीनं रोजचंच पाणी सोडतो. लॅबमध्ये तपासणी होते, पण तिचा निकाल येईपर्यंत तेवढे बॉक्स, म्हणजे साच्यांच्या चौकटी, ओतून झालेले असतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ब्लो होल पुष्कळदा कातडीखाली लपलेला असतो. कास्टिंग इथून बरं दिसतं, चाकणला किंवा पुण्याला जातं, मशीन शॉपमध्ये पहिला कट घेतल्यावर भोक उघडं पडतं. मग जॉब रिजेक्ट होऊन परत, वाहतूक आपल्या माथी, वर डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची रक्कम आपल्या बिलातून कापल्याचा कागद. ज्यानं हे भोगलंय त्याला हे यंत्र काय करतं ते दोन वाक्यांत समजतं. अडचण समजण्याची नव्हतीच. अडचण विश्वासाची होती.

मी लिहिलेली पहिली यशोगाथा अशी होती : ‘कोल्हापुरातील एका नामांकित फाउंड्रीला वाळूतील ओलाव्याच्या समस्येमुळे मोठ्या रिजेक्शनला सामोरे जावे लागत होते. आमचे अत्याधुनिक यंत्र बसवल्यानंतर रिजेक्शनमध्ये लक्षणीय घट झाली. ग्राहक पूर्णपणे समाधानी आहेत.’

आज ती वाक्यं वाचवत नाहीत. त्यातलं काही खोटं नव्हतं, तरी एकही गोष्ट हाताला लागत नाही. ‘लक्षणीय’ म्हणजे किती? कोणत्या महिन्यात? कोणत्या जॉबवर? पाणी कोण सोडत होतं, त्याचं पुढं काय झालं? या मजकुरात माणूसच नाही. यंत्र आलं आणि यंत्रानं केलं. शिरोलीत वीस-वीस वर्षं भट्टीपुढं काढलेल्या माणसाला ठाऊक असतं की कुठलंही यंत्र आल्या दिवसापासून गुमान चालत नाही. जी गोष्ट सांगते की ते चालतं, तिच्यावरचा त्याचा विश्वास तिथंच उडतो.

मग मी ठरवलं की ज्या फाउंड्रीची ही गोष्ट आहे तिथं जाऊन बसायचं. ऑफिसात नाही, सँड प्लांटवर, जिथं वाळू तयार होते तिथं.

तिथले सुपरवायझर वयानं साठीच्या आसपासचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. पहिला दिवस ते माझ्याशी फार बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मी विचारलं, “मामा, यंत्र येण्याआधी तुम्ही ओल कशी बघत होता?” ते उठले, बेल्टवरून मूठभर वाळू घेतली, दाबली आणि हात उघडून माझ्यापुढं धरला. वाळूवर चारही बोटांचे ठसे स्पष्ट. मग तो मुटका मधोमध मोडला. “ही कड बघा. धारदार पायजे. भुगा झाला की पाणी कमी. आणि हाताला चिकटली की पाणी जास्त.” त्यांचा तळवा कोरडा होता, बोटांच्या पेरांत फक्त काळी भुकटी.

“मग यंत्राचं काय?”

“तीन आठवडे मी त्याला मानलंच न्हाई,” मामा म्हणाले. आणि मग त्यांनी ती रात्र सांगितली.

यंत्र बसवून तीन आठवडे झाले होते. आषाढातला पाऊस, तिसरी पाळी. मिक्सरमध्ये ओल मोजायला जो प्रोब असतो त्यावर ओल्या बेंटोनाइटचा थर बसला. यंत्राला वाटलं वाळू ओलीच आहे, म्हणून त्यानं पाणी कमी कमी करत नेलं. पॅनेलवरचा आकडा मात्र अगदी बरोबर दिसत होता. मामांनी मूठ मोडली तर भुगा. त्यांनी मिक्सरवरच्या पोराला सांगितलं, हातानं पाणी सोड. पोरगा म्हणाला, मामा, मशीन बरोबर दाखवतंय. नव्या यंत्राला हात लावायचा नाही असं त्याला वरून सांगितलेलं. या बोलाबोलीत बॉक्स पुढं जात राहिले आणि त्या पाळीतले बरेच साचे कडेनं ढासळले. पहाटे कंपनीचे मालक स्वतः गाडी काढून उद्यमनगरातून शिरोलीत आले. प्रोब बाहेर काढला, पुसला, पुन्हा बसवला. मामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, “साहेब, हे रोज कोण पुसणार?”

उत्तरही त्यांनीच काढलं. पाळी बदलताना एकदा आणि जेवणाच्या सुट्टीत एकदा प्रोब पुसायचा, पुसणाऱ्यानं वहीत सही करायची. आणि दर तासाला मुठीनं बघायचं, मूठ आणि पॅनेल जुळलं नाही तर मुठीचं ऐकायचं. हा नियम आज त्या फाउंड्रीत भिंतीवर खडूनं लिहिलेला आहे. कंपनीनं पुढच्या प्रत्येक यंत्रासोबत जे सूचनापत्र द्यायला सुरुवात केली त्यात पहिली ओळ मामांची आहे.

मला गोष्ट मिळाली होती. आता दोन भांडणं बाकी होती.

पहिलं कंपनीच्या मालकांशी. मी नवा मसुदा दाखवला, त्यात ती रात्र होती. ते वैतागले. “अहो, आपण विकायला बसलोय. आपलंच यंत्र फसलं हे आपणच छापायचं?” त्यांचा राग मला पटत होता. त्या पहाटे गाडी काढून जाणारे तेच होते, आणि त्या आठवड्यात ही फाउंड्री यंत्र परत पाठवते की काय ही भीतीही त्यांनीच सोसली होती. मी एवढंच म्हणालो की जो मालक हे यंत्र घेईल त्याच्याकडेही प्रोबवर थर बसणारच आहे. त्याला ते आपल्याकडून आधी कळलं तर तो प्रोब पुसेल. नंतर स्वतःच कळलं तर तो आपल्याला फोन करून शिव्या देईल आणि चार जणांना सांगेल. कोल्हापुरात चार जणांना सांगणं म्हणजे काय ते इथल्या उद्योजकाला समजावून सांगावं लागत नाही. स्मॅक या उद्योजक संघटनेची बैठक, गोशिमा या दुसऱ्या संघटनेचा कार्यक्रम, फाउंड्रीमेनच्या संस्थेच्या कोल्हापूर चॅप्टरचं व्याख्यान, सगळीकडं माणसं तीच असतात.

दोन दिवस त्यांनी काही कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, “असू दे ती रात्र. पण मी पहाटे गेलो तेही असू दे.” ते असायलाच हवं होतं. विक्रीनंतर हा माणूस उभा राहतो की नाही, याचं उत्तर त्या एका ओळीत आहे.

दुसरं भांडण खरं अवघड होतं, आणि यशोगाथा लिहिणाऱ्या बहुतेकांना ते ध्यानातच येत नाही असं माझं मत आहे. ते, जिची गोष्ट होती त्या फाउंड्रीच्या मालकांशी. ते भले गृहस्थ. यंत्राबद्दल कुणालाही चांगलंच सांगतात. पण मसुदा वाचून त्यांनी पेन उचललं आणि रिजेक्शनच्या आकड्यावर आडवी रेघ मारली. म्हणाले, “यंत्र बसवण्याआधी माझं रिजेक्शन किती होतं हे तुम्ही माझ्या नावानं छापणार. तो कागद फिरत फिरत माझ्याच गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागात जाणार. उद्या ते विचारतील, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला असला माल देत होता काय? आणि आता वाचताय तर रेट कमी करा.”

विचार करा, प्रत्येक यशोगाथेत ग्राहकाची आधीची दुखरी जागा उघडी करावी लागते. विकणाऱ्याला ती जितकी मोठी दाखवता येईल तितकं यश मोठं दिसतं. पण ती जागा ग्राहकाची असते. हॉटेलवाल्याची सेवा सुधारली म्हणजे आधी बिघडलेली होती. दवाखान्यातली रांग कमी झाली म्हणजे आधी माणसं ताटकळत होती. आपल्या पत्रकासाठी दुसऱ्याच्या घरातली गळती चव्हाट्यावर मांडायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

बराच वेळ बसून आम्ही एक वाट काढली. छापील कागदावर नाव नाही. ‘शिरोलीतली ग्रीन सँड फाउंड्री, पंप आणि ट्रॅक्टरची कास्टिंग, तीन पाळ्या’ एवढंच. खरी टक्केवारी नाही, प्रमाण द्यायचं : यंत्र नव्हतं त्या पावसाळ्यातलं वाळूमुळं झालेलं रिजेक्शन १०० धरलं तर यंत्रानंतरच्या पावसाळ्यात ते ६२. तुलना पावसाळ्याची पावसाळ्याशीच. उन्हाळ्याचा आकडा घेऊन पावसाळ्याशी ताडून पाहिला असता तर तो कितीतरी गोंडस दिसला असता. वर्षंही निवडून घ्यावी लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. असल्या वर्षाशी तुलना केली तर शिरोलीतला कुठलाही माणूस कागद तिथंच खाली ठेवेल. आम्ही पूर नसलेले दोन पावसाळे घेतले आणि तसं लिहिलंही.

नाव फक्त तोंडी सांगायचं, तेही विचारणारा खरोखर घेण्याच्या तयारीत असेल तर आणि आधी मालकांना फोन करून. प्रत्यक्ष प्लांट बघायचा असेल तर महिन्यातून एकच दिवस, तो तेच ठरवणार. हे सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. कधीही परवानगी मागं घेता येईल, ही ओळ मी आग्रहानं घातली.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. दुसऱ्याच्या तोंडून मालाची शिफारस करायची तर ते त्या माणसाचं खरं मत असावं, बऱ्यापैकी अलीकडचं असावं आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर उभं असावं, असं त्यात म्हटलं आहे. फाउंड्रीला यंत्र विकणं हा धंद्या-धंद्यातला व्यवहार, ग्राहक संरक्षण कायदा मुख्यतः घरगुती ग्राहकाचा. तरी ‘अलीकडचं’ हा शब्द मला लागला. आमच्या गोष्टीतला आकडा एका पावसाळ्याचा. पुढच्या पावसाळ्यानंतर मी तो पुन्हा मागितला. ६२ चा ६९ झाला होता. मामा दोन महिने आजारी होते, प्रोबची वही त्या काळात कोरी राहिली होती. आम्ही पत्रकात ६९ छापलं आणि कारणही छापलं.

नवी गोष्ट कशी सुरू होते ते इथं देतो : ‘तिसरी पाळी, बाहेर आषाढाचा पाऊस. पॅनेलवर ओल बरोबर दिसत होती, पण सुपरवायझरनी मूठ मोडली तर वाळूचा भुगा झाला. आमचं यंत्र बसवून तेव्हा तीन आठवडे झाले होते.’ पुढं रात्र, पहाट, पुसण्याचा नियम, मग प्रमाण. यंत्राची तांत्रिक माहिती शेवटच्या पानावर. ‘समाधानी’ हा शब्द कुठंही नाही.

ती वाचून दाखवायची पद्धतही बदलली. मालकांपुढं बसलं की बोलणं डेबिट नोटपासून सुरू करायचं, क्वालिटी बघणाऱ्यापुढं त्या दोन पावसाळ्यांच्या नोंदींपासून, आणि सँड प्लांटवरच्या माणसापुढं मुठीपासून. गोष्ट तीच, एकाही ठिकाणी फुगवलेली नाही, फक्त शिरायचं दार वेगळं. सँड प्लांटवरच्या माणसाला आपण आजवर मोजतच नव्हतो ही आमची मोठी चूक होती. यंत्र त्याच्या पोटावर येतंय असं त्याला वाटलं की ते कधीच नीट चालत नाही. मामांच्या गोष्टीत मात्र यंत्रापेक्षा मूठ वरचढ ठरते, आणि ते ऐकताना त्याचा चेहरा सैल होतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

‘कुणाकडं बसवलंय’ या प्रश्नामागं काय असतं यावर एक चांगला प्रयोग झालेला आहे. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस या तिघांनी अमेरिकेतल्या एका हॉटेलात खोल्यांमध्ये टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करणाऱ्या वेगवेगळ्या पाट्या लावल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. पर्यावरण वाचवा असं सांगणाऱ्या पाटीमुळं सुमारे ३७ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला’ असं लिहिलं तेव्हा सुमारे ४९ टक्क्यांनी. त्या खोलीत आधी कोण राहिलं याचा टॉवेलशी काही संबंध नाही, तरी माणूस आपल्या जागी आधी कोण होतं ते बघतो. शिरोलीच्या माणसाला जर्मनीतल्या मोठ्या फाउंड्रीची यशोगाथा सांगून उपयोग नाही. त्याला त्याच्याच ओळीतली शेड हवी, तोच पाऊस आणि तीच लाइट जाण्याची कटकट.

नव्या गोष्टीनंतर पहिल्या हंगामात तिघांनी प्लांट बघायला येण्याची तयारी दाखवली. एकानं यंत्र घेतलं. दुसऱ्याचं बोलणं अजून चालू आहे. तिसऱ्याला आम्हीच नको म्हणालो. त्याच्याकडं परत येणारी वाळू फार गरम, थंड करायची सोय नाही. वाळू पन्नास अंशांच्या वर गेली की पाणी मिक्सरमधून साच्यापर्यंत जाईतोवर उडून जातं, तिथं ओल मोजण्याला फारसा अर्थ उरत नाही. याआधी असंच एक यंत्र विकलं होतं आणि ते परत आलं होतं. तो परत आलेला माल आता कंपनीचे मालक स्वतःहून सांगतात. कुणी विचारो न विचारो, कुठं चाललं नाही आणि का, हे गोष्टीच्या शेवटी येतंच. मला वाटतं त्या तिसऱ्या मालकांनी वाळू थंड करायची सोय केली की पहिला फोन आम्हालाच येईल, पण तो यावा म्हणून आम्ही नको म्हटलं नव्हतं.

ज्यांनी यंत्र घेतलं ते तेच, ज्यांनी पहिलं पत्रक बाजूला सारून ‘कुणाकडं बसवलंय’ विचारलं होतं. प्लांट बघायला ते आले तेव्हा सोबत आपल्या सँड प्लांटचा सुपरवायझर घेऊन आले. मालक लोक ऑफिसात वह्या बघत बसले. हा गडी थेट बेल्टपाशी गेला, मूठभर वाळू घेतली, दाबली, मोडली, कड बघितली. मामा बाजूला उभे राहून बघत होते, बोलले नाहीत. त्यानं पुन्हा एकदा मूठ घेतली, मग पॅनेलकडं बघितलं.

“पुसता किती येळा, मामा?”

“पाळीला दोनदा.”

“कशानं?”

“सुती फडक्यानं. तारेचा ब्रश लावायचा न्हाई, चरे पडत्यात.”

त्यानं खिशातून आमचं पत्रक काढलं, मागच्या कोऱ्या जागेवर लिहून घेतलं : ‘दोनदा. सुती फडकं. ब्रश नाही.’ ब्रशाचं माझ्या मजकुरात नव्हतं. पुढच्या छपाईत घातलं.